नाना भेटायला येतील

नानांच्या हाताखाली मी काम केलं तेवढ्या वर्षांत मला कधी ताप आला नाही. म्हणजे आला, चांगला कणकणून आला, पण तो मी ऑफिसात कुणाला कळू दिला नाही. गोळी घ्यायची, कपाळाला बाम चोळायचा, त्यावर पावडर फिरवायची आणि भोरहून एसटी धरून कामथडीला हजर व्हायचं. कुणी बामाच्या वासाबद्दल विचारलंच तर सांगायचं की सासूबाईंची पाठ चोळून आले. रजा मिळत नव्हती असं मुळीच नाही. आजारपणाची रजा नाना एका शब्दावर द्यायचे. भीती होती ती रजा मिळाल्यानंतरची, कारण रजा घेतली की त्याच संध्याकाळी नाना भेटायला यायचे.

आणि एकटे यायचे नाहीत. आजारी माणसाला बघायला एकट्यानं जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. ऑफिस सुटलं की कंपनीचा टेम्पो निघायचा, त्यात आम्ही सगळे, वाटेत कापूरहोळला शहाळी आणि बिस्किटांचे पुडे, आणि मग ही सगळी वरात आजाऱ्याच्या दारात. "काई करू नका हं," असं दारातूनच म्हणत नाना आत शिरायचे आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसायचे. निदान अर्धा तास बसल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर तोंडदेखलं आल्यासारखं दिसतं, असा त्यांचा दंडक. त्या अर्ध्या तासात आम्ही प्रत्येकानं एक घरगुती उपाय सांगायचा आणि त्याच आजारानं दगावलेल्या एका माणसाची हकीगत. ही पद्धत नानांनी घालून दिलेली नव्हती. ती आम्हाला आपोआपच येत होती.

सलीमभाईला टायफॉइड झाला तेव्हा आम्ही असेच भोरातल्या त्याच्या घरी गेलो होतो. सलीमभाई आमच्याकडे डिस्पॅच बघायचा, म्हणजे कुठला माल कुठल्या गाडीत जायचा ते. आम्ही आल्याचं कळल्यावर तो अंगात ताप असताना उठला, धुतलेला शर्ट घातला, शेजारून खुर्च्या आणल्या आणि आमच्या समोर ताठ बसून राहिला. त्याची बायको आत पोहे करत होती, चहाला दूध पुरेना म्हणून मागच्या दारानं कुणाकडे तरी पळत होती. आणि नाना बाहेरून सांगत होते, "भाबी, आमी घरचीच मानसं हाय, उगं तरास करून घेऊ नका." पुढे किती तरी दिवसांनी सलीमभाई मला म्हणाला, "ताई, टायफॉइड औषधानं गेला. तुम्हाला चहा पाजून जो थकवा आला, तो महिनाभर गेला नाही."

आमची कंपनी म्हणजे हायवेच्या कडेला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. मालक पुण्यात राहायचे. ऑफिस नानांच्या ताब्यात. त्यांच्या हुद्द्याचं नाव इंग्रजीत भलं लांबलचक होतं, ते दाराच्या पाटीवर एका ओळीत मावलं नव्हतं. नाना स्वतः ते कधी उच्चारत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "म्या हितला कर्ता." घरातला असतो तसा. ऑफिस म्हणजे घर, आणि आम्ही सगळी त्यांची पोरंबाळं. मी हिशेब बघायचे, दोन मुलांची आई होते, तरी त्यांच्या लेखी "पोरी"च होते.

अंगानं नाना शिडशिडीत. पांढरा शर्ट, कायम बाह्या दुमडलेल्या. उत्रोलीला त्यांची भाताची शेती, त्यामुळे हंगामात ते पहाटे चिखलात उतरून मग ऑफिसला यायचे आणि पायाच्या नखांत तो चिखल दिवसभर दिसायचा. दिसायचा, कारण चपला ते केबिनच्या बाहेर काढत. घरात कुणी चपला घालून फिरतं का, असं त्यांचं म्हणणं. पुण्याहून बूट घालून आलेल्या सेल्समनची त्यामुळे फार पंचाईत व्हायची. तो बिचारा मोज्याला पडलेलं भोक लपवत खोक्यांचे भाव सांगायचा.

नमस्कार, गुड मॉर्निंग असलं काही नानांच्या तोंडी नसे. सकाळी विचारायचे, "न्याहारी झाली?" आणि दुपारनंतर, "जेवला का?" फोनवर गिऱ्हाइकालासुद्धा तेच. दुपारी सगळ्यांचं जेवण उरकल्याशिवाय स्वतःचा डबा उघडायचे नाहीत. एखादा ड्रायव्हर गाडी घेऊन उशिरा आला तर नाना त्याच्यासाठी ताटकळत बसायचे, आणि तो सांगायला लागला की मी वाटेत ढाब्यावर जेवून आलोय, तर "मग आदी सांगायचं न्हाई व्हय" म्हणून थंडगार भात खायचे. आमच्या डब्यांत डोकावायची त्यांना सवय होती. त्यात काही कमी दिसलं तर स्वतःच्या डब्यातला आंबेमोहोर त्यात पडलाच म्हणून समजा. माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला सगळ्यात आधी नाना उभे राहिले, आणि वय बघून डॉक्टरांनी नको म्हटलं तर तिथे भांडले. असा माणूस. त्याच्यावर रागावायची सोयच नव्हती, हीच आमची खरी अडचण.

एक दिवस मला काकूंचा फोन आला. काकू म्हणजे नानांच्या मंडळी. आवाज अगदी हळू, म्हणजे नाना घरात असणार.

"आगं पोरी, डॉक्टरकडं जाऊन आलो. हृदयावर लई ताण पडतोय म्हनले. सांजचं येळेवर घरी यायचं, भराभरा चालायचं, येळेवर जेवायचं. असंच चालू ऱ्हायलं तर मानूस हाती लागायचा न्हाई म्हनले. आन हे घरी कवा येतात ते तुला म्हायती हाय."

"तुम्ही सांगा ना त्यांना, काकू."

"माजं ऐकलं असतं तर तुला कशाला फोन केला असता? तू त्यांना येळेवर उठीव बाई. बाकी काई नको. तेवढं खुर्चीवरनं उठीव."

आता हे ऐकायला सोपं वाटतं. ऑफिस साडेपाचला सुटायचं. त्यानंतर कुणालाही काही काम नसायचं. पण आमच्या ऑफिसात साडेपाच वाजले तरी कुणी उठायचं नाही. कारण सरळ होतं. वडीलधारं माणूस बसलेलं असताना आपण पर्स उचलून चालू पडायचं, हे आम्हाला लहानपणापासून कुणी शिकवलं नव्हतं. नाना उठले की आपण उठायचं. आणि नाना का उठत नव्हते? तर कर्त्या माणसानं सगळ्यांच्या मागून उठायचं असतं. पोरं अजून काम करत बसलीत आणि आपण पिशवी घेऊन निघालो, तर ते ताटावरची माणसं जेवत असताना यजमानानं हात धुतल्यासारखं होईल. म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी बसलो होतो आणि ते आमच्यासाठी.

हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्या रिकाम्या वेळात सलीमभाई गेलेल्या गाड्यांची नावं पुन्हा पुन्हा वाचायचा. मी संगणकावरचं हिशेबाचं पान उघडायचे, बंद करायचे, परत उघडायचे. विद्या नावाची मुलगी आमच्याकडे नव्यानं लागली होती, राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावची. तिला नसरापूरवरून वेल्ह्याकडची जीप धरायची असायची, आणि उशीर झाला की जीप भरेपर्यंत चौकात उभं राहावं लागायचं. ती मान खाली घालून टाचण्या सरळ करत बसायची. भूक मारली जायची, चहा फार व्हायचा. प्रत्येकाच्या खणात ॲसिडिटीच्या गोळ्या होत्या आणि प्रत्येकाला वाटायचं की हा त्रास आपल्यालाच. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आजार कळला असता, आणि मग नाना भेटायला आले असते.

काकूंच्या फोननंतर मी धीर करून नानांच्या केबिनमध्ये गेले.

"नाना, आज वेळेवर निघा. काकूंना बरं वाटेल."

"निघतो की. तुमी निघा, तुमच्या मागनं मी आलोच."

"तुम्ही आधी निघा नाना, मग आम्ही निघतो."

"असं कसं, पोरी? बायामानसं मागं ठिवून मी फुडं जाऊ व्हय?"

असा तोडगा निघणार नाही हे ओळखून आम्ही कट केला. एक दिवस ठरवून साडेपाचच्या ठोक्याला सगळेच्या सगळे एकदम उठलो आणि "येतो नाना" म्हणून बाहेर पडलो. नाना खूश झाले. पिशवी घेऊन तेही उठले. आमची मोहीम फत्ते झाली असं मी मनात म्हणते आहे, तोवर नाना आमच्याबरोबर गेटपर्यंत आले, गेटवरून हायवेच्या थांब्यापर्यंत आले. घरातली माणसं निघाली तर त्यांना वाटेला लावून द्यायला नको का? माझी एसटी येईपर्यंत थांबले. विद्याला नसरापूरची गाडी मिळेपर्यंत थांबले. सलीमभाईची मोटरसायकल नेमकी सुरू होईना, तर त्याच्याबरोबर ढकलत गॅरेजपर्यंत गेले. काकूंचा फोन आला की आज नेहमीपेक्षाही उशीर झाला, असं काय केलंस?

दुसरा प्रयोग पुण्याहून आला. मालकांच्या मुलीनं कुठेतरी वाचलं की कामाच्या ताणानं माणसं आजारी पडतात, म्हणून तिनं एक तणावमुक्तीचे तज्ज्ञ पाठवले. तरुण गृहस्थ होते, बोलणं गोड. त्यांनी आम्हाला गोल करून बसवलं. मधोमध नाना. तज्ज्ञ म्हणाले, "ज्यांना ज्यांना इथे ताण जाणवतो, त्यांनी मोकळेपणानं हात वर करा." कुणाचा हात वर जाणार? नानांच्या देखत हात वर करायचा म्हणजे बापाच्या देखत घराची तक्रार करण्यासारखं. सलीमभाईनं हात मांडीखाली दाबून धरले. विद्यानं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. मग नानांनीच उत्तर दिलं, "कुनाला ताण न्हाई साहेब. सगळी घरचीच मानसं हायेत."

तज्ज्ञ हुशार होते. म्हणाले, सगळा ताण ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून येतो, तर आज आपण ‘नाही’ म्हणायचा सराव करू. त्यांनी सलीमभाईला उभं केलं आणि नानांना सांगितलं की त्याला एखादं जादा काम सांगा.

"सलीम, आज जरा थांब. उद्याची गाडी आजच भरू," नाना म्हणाले.

सलीमभाईनं तोंड उघडलं. आम्ही सगळे पुढे वाकलो.

"बघतो नाना," तो म्हणाला.

"बघतो नाही. नाही म्हणा," तज्ज्ञ म्हणाले.

"करतो नाना. होईल."

"अहो, हे खोटं खोटं आहे. फक्त म्हणायचंय."

सलीमभाई घामाघूम झाला. शेवटी नानांनाच त्याची कीव आली. "सोडा वो साहेब, पोराला कशाला छळता," म्हणाले आणि त्यांनी तज्ज्ञांना जेवायला नेलं. उत्रोलीचा भात, वर तूप, परत भात, परत तूप. तिसऱ्या वाढीला तज्ज्ञांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. नानांनी त्यांच्या बोटांवर भात वाढला. ते गृहस्थ सगळं संपवून उठले, नानांच्या पाया पडले आणि पुण्याला जायला त्यांना बराच उशीर झाला.

आम्ही हसलो खूप. पण घरी जाताना एसटीत मला हसू येईना. नानांचा चेहरा त्या दिवसांत राखेसारखा दिसायला लागला होता. जिना चढून आले की फाइल बघायच्या निमित्तानं मध्येच थांबायचे. काकूंचा फोन रोज यायचा आणि रोज मला तेच उत्तर द्यावं लागायचं.

मग व्हायचं ते झालं. दुपारच्या जेवणाची वेळ होती. आमचे डबे चालू होते आणि नाना नेहमीसारखे खुर्चीत बसून सगळ्यांचं उरकायची वाट बघत होते. विद्याला त्या दिवशी सावकाश जेवायची हुक्की आली होती, तिच्या आईनं मासवडी दिली होती. सलीमभाईचं लक्ष नानांकडे गेलं. शर्ट घामानं भिजलेला, डावा हात उजव्या हातात घट्ट धरलेला.

"नाना, काय होतंय?"

"काई न्हाई. पोरीचं जेवान होऊ दे."

छातीत कळ येत होती बऱ्याच वेळापासून. पण माणसं जेवत असताना मधेच उठून घोटाळा कशाला, म्हणून ते थांबले होते. सलीमभाईनं पुढचं काही ऐकलं नाही. त्यांना उचलून टेम्पोत घातलं आणि गाडी पुण्याच्या दिशेनं काढली. सगळ्या आयुष्यात त्यानं नानांचं न ऐकल्याची ती पहिली वेळ. रक्तवाहिनीत अडथळे होते, ते त्याच दिवशी काढले. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर कठीण होतं.

त्यांना अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं त्या संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो. अर्थात सगळे, अर्थात टेम्पोतून, शहाळी घेऊन. रखवालदारानं दोघांनाच सोडतो म्हटलं तर सलीमभाईनं त्याला गोड बोलून वळवलं. आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. नानांनी डोळे उघडले, आम्हाला बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. पण दुसऱ्याच क्षणाला त्यांनी पाय आखडून घेतले, आम्हाला बसायला जागा व्हावी म्हणून. मग कोपरावर रेलून उठायला लागले.

"उबी का ऱ्हायला? बसा की. आगं, यांना च्या सांग. विद्या, तू जेवलीस का?"

उशाशी ठेवलेलं यंत्र चिरकायला लागलं. नर्स धावत आली, तिनं नानांना दोन्ही खांद्यांना धरून खाली दाबलं. आणि नाना तिला समजावत होते, "थांबा वो सिस्टर. मानसं आलीत."

बाहेर डॉक्टरांनी आमची जी हजेरी घेतली ती घेतलीच. म्हणाले, "तुम्हाला हा माणूस जगायला हवाय ना? मग बरे होईपर्यंत त्यांच्यासमोर येऊ नका. तुम्ही दिसलात की ते उठणार." काकू भिंतीला धरून रडत होत्या. मी तिथेच ठरवलं की आता आपल्यापैकी कुणीही वर जायचं नाही.

"असं कसं ताई?" सलीमभाई म्हणाला. "आपल्या नानांना बघायला गेलो नाही, हे उद्या माझी आईच मला ऐकवेल."

"ऐकून घे," मी म्हटलं.

तरी न जाणं कुणाला जमेना. मग आम्ही असं करायला लागलो की आळीपाळीनं पुण्याला जायचं, दवाखान्याच्या खाली गाड्या लावतात तिथल्या कट्ट्यावर बसायचं, काकू खाली आल्या की त्यांच्या हातात डबा द्यायचा, त्यांना थोडं बोलतं करायचं आणि परत फिरायचं. वर बघायचंसुद्धा नाही, कारण खिडकी त्याच बाजूला होती.

नानांना खरं काय ते सांगावं, असं कुणीही म्हणेल. काकूंनी ते पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं होतं. डॉक्टरनी तुमच्या पोरांना बंदी केलीय म्हटल्यावर नानांनी वॉर्डबॉयला पटवलं की त्यांना मागच्या जिन्यानं वर आण, आणि खाली कोण कोण आलंय ते बघायला भिंत धरत खिडकीपर्यंत गेले. तिथेच त्यांना घेरी आली. म्हणून मग दुसऱ्या दिवशी काकूंनी कट्ट्यावर येऊन मला विचारलं, "कुनी आलं व्हतं का म्हनून इचारत्यात. काय सांगू?"

"कुणी नाही आलं म्हणा."

"कामात असतील, असं म्हनू?"

"तसं नका म्हणू. कामाचं नाव काढलं तर कामावर यायला निघतील. बंदी उठलीय, तरी कुणी आलं नाही, एवढंच सांगा."

काकूंनी तसंच सांगितलं. पुढच्या दिवशी नानांनी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या दिवशीही विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून शांत पडून राहायला लागले. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, आता पेशंट विश्रांती घ्यायला लागलाय. उत्रोलीला घरी आणल्यावरही आम्ही गेलो नाही. ज्या माणसानं कुणाचा साधा खोकला चुकवला नव्हता, त्याच्या दारात त्याच्या ऑफिसातलं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही, असं गावात बोललं गेलं. आम्ही ते ऐकून घेतलं.

निवृत्तीला काही महिने उरले असताना नाना परत कामावर रुजू झाले. आम्ही दारात उभे होतो. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. चपला घालून आत गेले. दुपारी त्यांनी आपला डबा स्वतःच्या वेळेला एकट्यानं उघडला. आम्ही जेवलो का, हे त्यांनी विचारलं नाही. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, या महिन्याची बिलं बघून घ्या." साडेपाचला त्यांनी पिशवी घेतली, आम्ही सगळे बसलेलो असताना आमच्यासमोरून चालत गेले आणि गेटबाहेर पडले. मागं वळून बघितलं नाही. आम्ही सवयीनं आणखी थोडा वेळ बसून राहिलो. मग विद्या डोळे पुसत उठली आणि तिच्या मागोमाग आम्ही उठलो.

तेव्हापासून आमचं ऑफिस वेळेवर सुटतं. विद्याला उजेडात जीप मिळते. माझ्या खणातल्या गोळ्या जुन्या होऊन फेकाव्या लागल्या. कुणी आजारी पडलं तर ग्रुपवर सगळे हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि आजारी माणूस झोपून राहतो. मध्ये मीही तापाची रजा घेतली, दिवसभर पडून राहिले, खडखडीत बरी झाले. संध्याकाळी मात्र घर उगीच फार शांत वाटलं.

नानांच्या निरोप समारंभात आम्ही हार आणला होता, शाल आणली होती. नाना बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "कंपनीनं पगार येळेवर दिला. आभारी हाय." एवढंच बोलून बसले. सलीमभाई बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला. त्या वेळी मला वाटलं, जावं आणि सगळं सांगून टाकावं. आम्ही कट्ट्यावर बसायचो, काकूंना विचारा. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला लख्ख दिसत होतं. नाना रडले असते. मग दुसऱ्या दिवसापासून एकेकाच्या घरी गेले असते, प्रत्येकाकडे साखरेचा चहा प्यायले असते, अर्धा तास बसले असते, आणि पुन्हा आमचे कर्ते झाले असते. म्हणून मी गप्प बसले, आणि त्याचं मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा गप्पच बसेन.

हल्ली मी स्कुटीवरून ये-जा करते. घरी यायचा माझा रस्ता सरळ आहे, तरी आठवड्यातून एकदोनदा मी गाडी उत्रोलीच्या बाजूला घालते. भाताच्या खाचरांच्या कडेनं नाना चालत असतात, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. चेहऱ्यावर चांगला तजेला आलाय. माझी गाडी ओळखली की ते मान खाचरांकडे वळवतात आणि जास्तच झपाझप चालायला लागतात. मी हॉर्न वाजवत नाही.

परवा काकूंचा फोन आला. तपासणीला जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं चांगलं हृदय बघायला मिळत नाही, रोज चालता तेवढं चालत राहा.

"आता सांगू का गं त्यांना?" काकू म्हणाल्या. "तुमी खाली बसायचा म्हनून? माज्या पोटात ऱ्हात न्हाई बग."

"नको काकू," मी म्हटलं. "राग राहू द्या. त्यांची आठवण काढून रडत बसण्यापेक्षा रागावलेले नाना रस्त्यात दिसतात, ते मला पुष्कळ बरं."

पलीकडे दाराची कडी वाजली, काकू बाहेर डोकावल्या असणार. मग म्हणाल्या, "आत्ता निघाले बग चालायला." आणि मी स्कुटीची किल्ली घेतली.